आंबट पाण्यातली मरळ

जाळे पहिल्यांदा ओढले तेव्हा पूर्वेच्या खड्ड्यात सापडले ते असे : पुंटी नावाचे टिकलीएवढे चंदेरी मासे एकशे बारा, त्याहून बारीक दाडके एकूणसाठ, चतुराच्या अळ्या सतरा, पाणकिडे तेवीस, एक विरोळा, एक फुटकी बाटली आणि गोगलगाय एकही नाही.

“नाही ते पण लिहायचं?” काठावर पदर खोचून बसलेल्या कालिंदीने विचारले.

“तेच तर महत्त्वाचं, वहिनी. गोगलगाईला शंख करायला चुना लागतो. तो या पाण्यात नाही. पाणी आंबट आहे.”

“आंबट? चाखून बघितलंत, वन्सं?”

“वन्सं म्हणू नकोस गं! एकदम नऊवारी नेसल्यासारखं वाटतं मला.”

“मग काय म्हणू? मोठ्या आहात माझ्यापेक्षा.”

“दोन वर्षांनी!”

“दोन असूदेत नाहीतर बारा. वन्सं त्या वन्सं.”

शकुन हसली आणि तिने मोजलेले सगळे परत पाण्यात सोडले. विरोळा साप सोडायचे काम मात्र पंचाननने केले. बजबजच्या बंद पडलेल्या वीटभट्टीचा हा राखणदार. विटांसाठी माती काढून काढून भट्टीच्या मागे दोन खड्डे झाले होते, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मधे वीसेक पावलांचा बांध. तळाच्या काळ्या मातीत गंधक होते. त्या मातीला हवा लागली आणि साठलेले पाणी आंबट झाले. दिसायला मात्र ते इतके नितळ, की तळाशी पडलेली वीट मोजता यावी. भट्टीच्या मालकाने दोनदा इथे रोहू माशाची पिल्ले सोडली होती. दोन्ही वेळा ती बोटाएवढीच राहिली. पाणीच वाईट, असे म्हणून त्याने नाद सोडला.

शकुन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली त्याला वर्ष होत आले होते. कॉलेजातल्या सेन सरांनी तिला हे दोन खड्डे दिले आणि एक साधा प्रश्न दिला : अशा पाण्यात शोल वाढते का, आणि काय खाऊन वाढते? शोल म्हणजे आपली मरळ. हा मासा चिखलात जगतो, हवा गिळून जगतो. सरांना वाटत होते, आंबट पाण्यातही टिकेल.

आखणी अशी होती. दोन्ही खड्ड्यांतले बाकीचे मासे जाळ्याने काढून टाकायचे. पश्चिमेच्या खड्ड्यात चुना घालून पाण्याचा आंबटपणा मारायचा. पूर्वेच्या खड्ड्यात चिमूटभरही चुना पडू द्यायचा नाही. मग दोन्हींत मरळीची चाळीस चाळीस पिल्ले सोडायची. म्हणजे दोन खड्ड्यांत फरक राहील तो एकच.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” शकुन कालिंदीला समजावून सांगे. “दोन बदलल्या, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.”

कालिंदी वैशाखात लग्न होऊन कऱ्हाडहून आलेली. शकुनचा भाऊ विनायक बँकेत होता आणि त्याची बदली अजून तीन वर्षे तरी होणार नव्हती. आप्पा, म्हणजे शकुनचे वडील श्यामराव, फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेबखात्यात. शकुन दहा वर्षांची असल्यापासून हे घर बालीगंजला होते. कालिंदीला बंगाली येत नव्हते आणि हिंदी बोलायची वेळ आली की तिला घाम फुटे. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या बांगड्या घट्ट बसत. श्रावण संपेपर्यंत त्या कोपराकडे सरकू लागल्या.

बजबजला एकट्या मुलीने जायचे नाही, असा आईचा, पुष्पाबाईंचा नियम होता. म्हणून कालिंदी सोबतीला. तेवढीच तिला मोकळी हवा, हाही आईचाच विचार. बालीगंज स्टेशनवर वजनाचे यंत्र होते. नाणे टाकले की दिवे फिरत आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. जूनमध्ये गंमत म्हणून कालिंदी उभी राहिली, तेव्हा एकेचाळीस किलो भरली. ऑगस्टमध्ये त्याच यंत्रावर एकोणचाळीस.

“मागे काय लिहिलंय?” तिने विचारले.

शकुनने वाचले, “लवकरच लांबचा प्रवास घडेल.”

कालिंदीने तिकीट दुमडून कमरेला खोचले. हा प्रवास कुठला ते तिला माहीत होते, शकुनलाही माहीत होते. डॉक्टरांनी दोनदा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितले होते आणि तेव्हापासून घरात एकच वाक्य फिरत होते : हिला इथलं पाणी मानवलं नाही. दिवाळी झाली की कालिंदीला कऱ्हाडला पाठवायचे ठरत होते. तब्येत सुधारली की बघू, असे आई म्हणे. त्या ‘बघू’ला पुढचे टोक नव्हते. विनायक मान खाली घालून जेवे आणि हात धुवायला उठला की बायकोच्या ताटाकडे बघे.

पिल्ले सोडायच्या दिवशी वारा होता. पश्चिमेचा खड्डा आदल्या खेपेलाच जाळ्याने साफ करून झाला होता. शकुनने तोंडाला ओला पंचा बांधला आणि काठाकाठाने चुन्याची भुकटी उधळायला सुरुवात केली. पूर्वेच्या खड्ड्यातले मासे पंचाननने काढायचे होते. पिल्लांच्या हंड्यांपाशी तिकडे कालिंदीला बसवले होते.

“वहिनी, लक्षात आहे ना? या बाजूला चुना अजिबात नाही. कोणी विचारलं तरी नाही म्हणायचं.”

“नाही म्हणायला मला येतं,” कालिंदी म्हणाली. “बंगालीत पण ‘ना’च म्हणतात.”

थोड्या वेळाने शकुनने मान वर करून पाहिले. बांधापलीकडे पंचानन जाळे खांद्यावर घेऊन काहीतरी विचारत होता आणि कालिंदी दोन्ही हात हलवून मोठ्याने सांगत होती, “ना, ना! चुनो ना! एकदम ना!” पंचा बांधलेल्या तोंडाने शकुन मनापासून हसली. वहिनीने चुन्याचा चुनोसुद्धा केला होता! पहारेकरी असावा तर असा.

संध्याकाळी निघताना तिने पंचाननला विचारले, “पूर्वेचं झालं ना सगळं?”

“झालं दिदिमणी. बौदी म्हणाल्या तसंच केलं.” बौदी म्हणजे वहिनी, कालिंदी.

आणि चाळीस चाळीस पिल्ले पाण्यात गेली. सरासरी लांबी सात सेंटीमीटर, वजन तीन ग्रॅमच्या थोडे वर.

पूजा आली, गेली. दिवाळीत आईने कालिंदीसाठी वेगळ्या, तूप लावलेल्या चपात्या केल्या, मऊ, घडीच्या. कालिंदीने त्यांतली एक खाल्ली आणि “पुरे, सासूबाई” म्हटले. आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी हावड्याहून सुटणाऱ्या मुंबई मेलचे तिकीट काढले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचे. कालिंदीला पोचवायला विनायक जाणार होता. तिकीट देवाजवळ ठेवले गेले आणि त्या दिवसापासून देवाला फूल वाहताना आईचा हात थोडा थांबू लागला.

नोव्हेंबरच्या शेवटी दोघी बजबजला गेल्या. कालिंदीची ही तिथली शेवटची खेप. पंचाननने आधी पश्चिमेच्या, चुन्याच्या खड्ड्यात जाळे ओढले. शकुनने एकेक मासा ओल्या फडक्यात धरून मोजपट्टीवर ठेवला आणि काट्यावर तोलला. सरासरी बारा सेंटीमीटर, सोळा ग्रॅम. बेताचीच वाढ. मग पूर्वेचे जाळे बाहेर आले आणि फडक्यातला पहिलाच मासा तिच्या हातून उसळून गवतात पडला. दांडगा होता. दुसराही तसाच. शेवटी सरासरी आली ती सव्वापंधरा सेंटीमीटर, बत्तीस ग्रॅम.

तिने पुन्हा तोलले. खड्डे उलटसुलट झाले असतील म्हणून पाण्यात आंबटपणा दाखवणाऱ्या रंगद्रवाचे थेंब टाकून रंग पडताळला. पश्चिमेचे पाणी ठीक होते. पूर्वेचे अजूनही आंबट होते, पहिल्या दिवशी होते तितकेच.

“काय झालं, वन्सं? वाईट झालं का?”

“वाईट पाण्यात दुप्पट वाढलेत, वहिनी. असं व्हायला नको.”

तिने फळी मांडली आणि पूर्वेचा एक मासा चिरला. पोटाची पिशवी उघडून चिमट्याने आतले एकेक काढून काचेवर ठेवले. खवले. बारीक काटे. आणि जवळजवळ अख्खी एक शेपटी, बुडाशी काळा ठिपका असलेली.

“ही पुंटी,” शकुन म्हणाली. “पण पुंटी तर इथून काढल्या होत्या. पंचाननदा!”

पंचानन आला, काचेवर वाकला आणि अगदी सरळपणे म्हणाला, “चुनो खाल्लेत. खाणारच. मी काढणार होतो, पण बौदींनी ‘चुनो ना’ म्हणून ठणकावून सांगितलं. मी म्हटलं, बौदींना दया आली असेल.”

शकुनला कळायला क्षणभर वेळ लागला. चुनो म्हणजे बंगालीत बारीक, फुटकळ मासे. आपल्या चुन्याला ते चून म्हणतात. पंचाननने त्या दिवशी विचारले होते, बौदी, इथले चुनो काढून नेऊ का? आणि कऱ्हाडच्या कालिंदीने पूर्ण जबाबदारीने चुन्याला नकार दिला होता. दहाव्या वर्षापासून बंगाली बोलणाऱ्या शकुननेही लांबून ऐकला तो चुनाच.

तिने हे मराठीत सांगितले. कालिंदीचा चेहरा पांढरा पडला.

“म्हणजे माझ्यामुळं तुमचं सगळं वाया गेलं.”

“अगं...”

“तीन महिने, वन्सं! वास मारणाऱ्या चिखलात उभ्या राहिलात तुम्ही. आणि मी काय केलं, तर एक ‘ना’ म्हटलं, तेही चुकीचं. मला इथलं काहीच जमत नाही. बरं झालं, चाललेय ते.”

शकुनचे हात माशाने भरलेले होते, म्हणून तिने कोपरानेच वहिनीला जवळ ओढले. “वाया गेलं ते माझं. तुला नीट सांगितलं नाही आणि पंचाननदाला नीट विचारलं नाही. आणि ऐक, चूक तुझी एकटीची नाही, ती दोन भाषांची आहे. त्या दोघींना घेऊन जाऊ आपण सेन सरांसमोर.”

कालिंदी रडता रडता हसली. पंचानन लांब जाऊन जाळे झटकत उभा राहिला.

शकुनने दोन्ही खड्ड्यांतले दहा दहा मासे चिरले. पूर्वेच्या दहांपैकी नवांच्या पोटात मासळी होती. पश्चिमेच्या पोटांत चतुराच्या अळ्या आणि पाणकिड्यांचे पाय. त्यांतली चार पोटे रिकामी होती.

परतीच्या गाडीत कालिंदी खिडकीशी बसली होती, गुडघ्यांवर नमुन्यांची हंडी घेऊन. तिच्या मनगटातली बांगडी गाडीच्या हादऱ्यांनी वरखाली होत होती. शकुन त्या बांगडीकडे बघत होती आणि मनात पश्चिमेची चार रिकामी पोटे होती. सगळे म्हणत होते पाणी वाईट. मालक म्हणाला, सेन सर म्हणाले, तीही म्हणाली. पाणी वाईट होतेच. पण आंबट पाण्यातली मरळ वाढली आणि चांगल्या पाण्यातली अडली, ती खाण्यावाचून.

“वहिनी, तू कऱ्हाडला काय जेवायचीस?”

“सगळं.”

“सगळं म्हणजे? सकाळी काय?”

“हेच की. भाजी, आमटी, भात.”

“आणि?”

कालिंदी बाहेर बघत राहिली. “भाकरी,” ती म्हणाली.

“ज्वारीची?”

“हूं.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“काय बोलू? सासूबाई एवढ्या मायेनं चपात्या करतात. तूप लावतात. तुम्ही सगळे इतकं करता माझ्यासाठी.” तिने हंडीच्या काठावरून बोट फिरवले. “आमच्याकडं चपाती पाहुणे आले की होते, वन्सं. घरातल्यांना भाकरी. रोज पानात चपाती आली की मला वाटतं, मी पाहुणी आहे. मग घास उतरत नाही.”

शकुनने हंडी आपल्या मांडीवर घेतली, वहिनीचे हात मोकळे व्हावेत म्हणून.

सोमवारी सेन सरांनी आकडे पाहिले, हकीकत ऐकली आणि चष्मा काढून पोटभर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “तुझ्या खड्ड्यांत आता दोन फरक आहेत. चुना आणि चुनो. यावरून सिद्ध काहीच होत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कर, नीट कर.” शकुनने मान डोलावली. तिला ते आधीच पटले होते.

बालीगंजच्या एकाही दुकानात ज्वारी नव्हती. गरियाहाटच्या दुकानदाराने तर तिला बाजरी, मका आणि कसल्याशा बिया दाखवून, “यातलं चालेल?” म्हणून विचारले. ज्वारी दिसली ती मैदानाजवळ, ट्रामच्या खिडकीतून. कबुतरांना दाणे घालणाऱ्यांसाठी एक म्हातारा टोपल्या मांडून बसत असे. एका टोपलीतले दाणे गोल, मोत्यासारखे होते. शकुन चालत्या ट्राममधून जवळजवळ उडीच मारून उतरली आणि नमुन्याच्या काचेच्या नळीत थोडे दाणे भरून घेऊन घरी आली.

“हे काय आहे, ओळख,” तिने नळी कालिंदीच्या तळहातावर रिकामी केली.

कालिंदीने एक दाणा दाताखाली धरला. कट्कन आवाज झाला. ती कितीतरी वेळ तो चावत राहिली.

“शाळू नाही हा,” शेवटी ती म्हणाली. “पण ज्वारी आहे.”

आईने आत येऊन पाहिले. “कुठून आणलीस?”

“कबुतरांच्या टोपलीतून.”

“माझ्या सुनेला कबुतरांचं खाणं घालणार तू? लोक काय म्हणतील?”

“लोक बंगालीत म्हणतील, सासूबाई,” कालिंदी म्हणाली. “मला कळणार नाही.”

सहा महिन्यांत तिने सासूला केलेली ही पहिली थट्टा. आई बघतच राहिली आणि मग हसली. तो धागा धरून शकुनने सगळे सांगितले, पाहुणीचे वाक्यसुद्धा. ते ऐकताना आई पाटावर बसली. “मी आपली तूप लावत होते,” एवढेच म्हणाली.

“एक महिना दे, आई. दुसरं काही बदलायचं नाही. तेच घर, तेच पाणी, तेच डॉक्टर. फक्त भाकरी. आप्पांना तिकीट पुढे ढकलायला सांग.”

“आणि फरक नाही पडला तर?”

“तर मी स्वतः हावड्याला पोचवायला येईन.”

आईने देवाजवळचे तिकीट उचलून आप्पांच्या हातात दिले. “जानेवारीतलं करून आणा. स्टेशनच्या त्याच यंत्रावर एकोणचाळीसावर एक किलो जरी वाढ दिसली, तर ते पण परत करू.”

म्हाताऱ्याकडून पिशवीभर ज्वारी आणून दळली; गिरणीतून आलेल्या पहिल्या पिठात गव्हाचा भुसा होता, भाकरी तव्यावर मोडली. दुसरी वाकडी झाली. तिसऱ्या भाकरीच्या वेळी कालिंदीने परातीवर असा काही ठेका धरला, की शेजारच्या मुखर्जींच्या घरातून कोणीतरी विचारायला आले, काय कुटता आहात? भाकरी टम्म फुगली. आईला राहवले नाही, तिने पुढे होऊन वाफ मोडली आणि बोट भाजून घेतले.

“तुम्ही बसा बरं तिकडं,” कालिंदी म्हणाली. “सगळेच बसा. मी गरम वाढते.”

आणि ती सगळ्यांना वाढून मग सर्वांत शेवटी, चुलीजवळच, ताट मांडीवर घेऊन जेवली. विनायक पाणी प्यायला आत आला तेव्हा त्याने सवयीने तिच्या ताटाकडे पाहिले. ताटात फक्त मिठाचे चार खडे उरले होते.

जानेवारीत दोघी पुन्हा बजबजला निघाल्या, उरलेल्या माशांची मोजणी करायला. बालीगंज स्टेशनवर धुके होते. आई मुद्दाम बरोबर आली होती, हातात नवे तिकीट घेऊन. कालिंदी यंत्रापाशी गेली, मग थांबून मागे आली आणि पायांतल्या चपला काढून ठेवल्या.

“चपलांसकट उभी राहा,” शकुन म्हणाली. “ऑगस्टमध्ये चपला होत्या. शालसुद्धा काढ, तेव्हा शाल नव्हती.”

“गारठेल ती,” आई म्हणाली.

“गारठू दे क्षणभर.”

कालिंदीने चपला घातल्या, शाल सासूच्या हातात दिली आणि ती यंत्रावर चढली. शकुनने नाणे टाकले. तांबडे-हिरवे दिवे फिरले, आत काहीतरी खडखडले आणि पुठ्ठ्याचे तिकीट खालच्या वाटीत पडले. ते कोणी उचलायचे, यावर तिघींची नजरानजर झाली. शेवटी आईने उचलले, भविष्याची बाजू न वाचताच उलटे केले आणि डोळ्यांपासून लांब धरले.

साडेबेचाळीस किलो.